केवडा (वनस्पतिविकार)

केवडा हे वनस्पतींची पाने हिरवेपणा गमावून पिवळी किंवा पिवळसर पांढरी पडण्याच्या विकाराचे शेतकऱ्यांमध्ये रूढ असलेले नाव आहे. अशा पानांचा रंग केवड्याच्या कणसासारखा दिसतो. केवडा हा एक रोग नसून अनेक विकारांचे समान लक्षण आहे. चुनखडीच्या जमिनीतील उसाची पिवळी पाने, सोयाबीनवरील पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग आणि द्राक्षावरील डाउनी मिल्ड्यू या तिन्हींना महाराष्ट्रात केवडाच म्हणतात. कारणे वेगळी असल्यामुळे उपायही वेगळे असतात. नाव ऐकून केलेली फवारणी म्हणूनच पुष्कळदा वाया जाते. कोवळ्या रोपाला तर चुकीचा उपाय मूळ विकारापेक्षा अधिक घातक ठरू शकतो.

कारणमीमांसा

हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि त्याभोवती नायट्रोजनचे चार अणू असतात. लोह या रेणूचा घटक नाही, परंतु त्याच्या निर्मितीसाठी ते आवश्यक असते. यांपैकी काहीही कमी पडले तरी पान पिवळे पडते. मात्र कोणते पान आधी पिवळे पडते, यावरून कमतरता कशाची आहे हे ओळखता येते. नायट्रोजन, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पतीच्या शरीरात हलू शकतात. टंचाई भासल्यास वनस्पती जुन्या पानांतील साठा काढून शेंड्याला पुरवते, त्यामुळे खालची पाने आधी बिघडतात. लोह असे सहज हलत नाही. त्याची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते.

नायट्रोजनच्या कमतरतेत खालचे संपूर्ण पान एकसारखे फिकट होते. मॅग्नेशियम कमी असल्यास त्याच खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा पडतो. पालाशाच्या अभावी जुन्या पानांच्या कडा करपतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असे चित्र शेंड्याकडील पानांवर दिसल्यास प्रथम लोहाचा संशय घ्यावा लागतो. गंधकाच्या कमतरतेतही नवी पानेच फिकट होतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या उठून दिसत नाहीत.

भेंडीच्या पीतशिरा मोझॅकमध्ये याच्या नेमके उलट घडते: शिरा पिवळ्या पडतात व मधला भाग आरंभी हिरवा असतो. हा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. रोगट झाड कोणत्याही खताने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे लागते. द्राक्षाच्या केवड्यात पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग पडतात आणि दमट हवेत त्यांच्याच खाली पांढरी बुरशीसारखी वाढ दिसते.

कुंडीतील व बंदिस्त रोपे

ट्रे, लहान कुंडी किंवा घरात विजेच्या दिव्याखाली वाढवलेल्या रोपांत (टोमॅटो, मिरची, आणि कायद्याने मुभा असलेल्या देशांत भांग) खतांच्या कमतरतेपेक्षा पाण्याचा अतिरेक अधिक वेळा आढळतो. माध्यमातील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही व अन्नद्रव्ये उपलब्ध असूनही शोषली जात नाहीत. माती ओली असताना रोप मलूल दिसणे ही याची ठळक खूण होय. अशा रोपाला ‘भूक लागली’ समजून खत दिल्यास क्षार वाढतात, पानांची टोके करपतात आणि उरलेली मुळेही जातात. कुंडी उचलून तिचे वजन पाहणे आणि रोप हलकेच उपसून मुळांचा रंग तपासणे ही खत देण्यापूर्वीची कामे आहेत. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात.

बीजपत्रे काही आठवड्यांनी पिवळी पडून गळतात. हा विकार नव्हे. दिवा फार जवळ असल्यास केवळ वरची पाने विरंजित होतात. पानावर बारीक फिकट ठिपके असल्यास भिंगातून खालची बाजू पाहावी, तेथे कोळी आढळण्याची शक्यता असते.

लोह आणि चुनखडी

फ्रान्समध्ये यूसेब ग्रिस यांनी 1840च्या दशकात पिवळ्या पानांवर लोहक्षाराचे द्रावण लावून ती हिरवी होतात हे दाखवले. पुढे त्याच देशात फिलोक्सेरा किडीमुळे अमेरिकी खुंटांवर द्राक्षे बांधली गेली, तेव्हा चुनखडीच्या भागांत वेली पिवळ्या पडू लागल्या. चुना सहन करणाऱ्या खुंटांच्या शोधात प्येर व्हियाला 1887 मध्ये अमेरिकेला गेले होते.

महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. सामू अधिक असल्याने ते अविद्राव्य रूपात अडकून पडते. म्हणून जमिनीत नुसते हिराकस टाकून फारसा उपयोग होत नाही. तेही लवकरच तसेच अडकते. फवारणी किंवा चिलेटयुक्त लोह अधिक परिणामकारक ठरते. चिलेटांतही फरक आहे: ईडीटीए प्रकार सामू साधारण साडेसहाच्या वर गेल्यावर टिकत नाही, तर ईडीडीएचए प्रकार चुनखडीतही टिकतो.

संशय असल्यास ग्रिस यांचीच रीत आजही वापरता येते. एकाच पानाच्या अर्ध्या भागाला हिराकसाचे सौम्य द्रावण लावावे. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाल्यास कमतरता लोहाची आहे. न झाल्यास मुळे, पाणी आणि किडी यांची तपासणी पुन्हा करावी लागते.