खंडवा गाडीचं शेवटचं दशक

अकोला–खंडवा मीटरगेज बंद पडून दहा वर्षं होत आली. 2017 उजाडलं ते या गाडीशिवाय. त्यानंतर अकोला–अकोट ब्रॉडगेज झाली आणि 2022च्या नोव्हेंबरात तिथं नवी गाडी धावू लागली, हार-तुरे झाले. अकोटच्या पुढं मात्र गाडी गेली नाही. ज्या घाटासाठी आम्ही त्या मार्गावर जीव टाकायचो, तो मागंच राहिला.

जळगाव जामोदला रेल्वे कधीच नव्हती. गाडी बघायची तर दोनच वाटा. दक्षिणेला पूर्णेवरचा येरळीचा पूल ओलांडून नांदुरा, नाही तर पूर्वेला वरवट बकाल, सोनाळा करत हिवरखेड. नांदुऱ्याहून मुंबई–हावडा मुख्य मार्ग जातो. गाड्या तिथं रग्गड, पण विजेच्या तारा आल्यापासून एकासारखी दुसरी. कोळशाच्या वाघिणी जातात, कंटेनर जातात, फलाट थरथरतो आणि पुन्हा तेच. नांदुऱ्याच्या गाड्यांवर लिहावं असं मला काही वाटत नाही.

हिवरखेडची गोष्ट वेगळी होती. अकोट, अडगाव, हिवरखेड असा सपाटीचा, कपाशीच्या वावरांतला प्रवास करून गाडी वान रोडला सातपुड्याच्या पायथ्याशी यायची आणि तिथून मेळघाटचं जंगल सुरू व्हायचं. धुळघाटाकडं चढताना रूळ एक अख्खा वळसा घ्यायचे आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून वर निघायचे. खिडकीत बसलेल्या माणसाला आपण आत्ताच गेलो तो मार्ग खाली दिसायचा. डोंगर फोडून सरळ जाणं परवडत नव्हतं, चढ तर कमी ठेवायचा होता, म्हणून इंजिनिअरांनी केलेली ही करामत. भारतात असे वळसे फार थोडे आहेत.

याच रुळांवरून एके काळी काचीगुडा–जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस जायची. हैदराबादपासून राजस्थानापर्यंत एकच मीटरगेज, मध्ये आमचं वऱ्हाड. 2008 मध्ये पूर्णा–अकोला ब्रॉडगेज झाली आणि अकोल्याच्या उत्तरेचा तुकडा एकटा पडला. लांबच्या गाड्या संपल्या, उरल्या पॅसेंजर. तेव्हापासून शेवटच्या गाडीपर्यंतचा काळ मी जगलो तो या मार्गाच्या कडेनं, आधी कॅसेटचा हँडीकॅम आणि मग मेमरी कार्डाचा कॅमेरा घेऊन.

गाडीला वायडीएम-4 जातीचं डिझेल इंजिन असायचं. त्याचा आराखडा अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा, म्हणजे ‘अल्को’चा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही इंजिनं तिथून आली, पुढं वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सहा सिलिंडरांचं इंजिन. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की टर्बो जोर धरेपर्यंत काळ्या धुराचा लोट उठायचा आणि धपधप आवाज दरीत घुमत राहायचा. वान रोडहून गाडी सुटली की ती दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायची. सिग्नल पडायचा, टोकनची देवाणघेवाण व्हायची, कोरकू बाया मोळ्या आणि पोरं घेऊन डब्यात चढायच्या. हे सगळं मी चित्रित केलं, आणि तेव्हा ते करणारे आम्ही फार थोडे होतो.

याच अल्कोनं 1941 मध्ये ‘बिग बॉय’ बांधायला घेतलं. वाफेवर चालणाऱ्या सगळ्यांत अजस्र इंजिनांपैकी हे एक, टेंडरसकट पाचशे टनांहून जड. अशी एकूण 25 इंजिनं झाली, वायोमिंगच्या चढावर मालगाड्या ओढून 1959 मध्ये ती थांबली. त्यांतलं 4014 क्रमांकाचं इंजिन कॅलिफोर्नियात पोमोनाला पन्नासेक वर्षं प्रदर्शनात उभं होतं. युनियन पॅसिफिक कंपनीनं ते 2013 मध्ये परत घेतलं, सुटं केलं, नव्यानं जुळवलं आणि मे 2019 मध्ये, अमेरिका आरपार जोडणाऱ्या रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, रुळांवर आणलं. त्याच्या सफरीची चित्रणं मी रात्र रात्र पाहतो. हमरस्त्याला समांतर मोटारी धावतायत, शेतांच्या कडेला तिपाया लावून म्हातारे उभे आहेत, आणि ज्या कंपनीचं इंजिन तीच कंपनी गाडी कुठं किती वाजता येईल ते लोकांना सांगते आहे. त्याच देशात साध्या डिझेल मालगाड्यांसाठीही माणसं दिवसभर पुलावर थांबतात आणि त्यांना सहसा कुणी हटकत नाही.

आमच्याकडं उलटं होतं. या मार्गावरच्या एका स्थानकात साध्या कपड्यांतल्या माणसानं मला बसवून घेतलं, कॅसेट मागितली आणि समोर पुसायला लावली. घाटातली चढती गाडी होती त्यावर. परवानगीचा नियम होता हे मान्य. पण शेळ्या फलाटावर फिरत असलेल्या त्या स्थानकातून कोणतं गुपित बाहेर जाणार होतं, हे मला आजही कुणी सांगावं. गावातल्या शहाण्यांचंही चुकलंच. ‘ही रखडगाडी कसली काढतोस, ब्रॉडगेज आली की काढ’ असं म्हणणारे कितीतरी होते. वर्तमानपत्रांत ही गाडी आली ती उशिरानं धावल्यावर नाही तर रुळांच्या रुंदीकरणाच्या मागणीत. ती कशी दिसते, कशी वाजते, कोण तिच्यात बसतं हे कुणाला छापावंसं वाटलं नाही.

मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ गाडीच्या नशिबी निदान थोडं कौतुक आलं. मँचेस्टरचं 1921चं झेडडी वाफेचं इंजिन ती 1994पर्यंत ओढत होतं, परदेशातून लोक बघायला येत. आणि आमच्याच मीटरगेजच्या वरच्या अंगाला, महूजवळ, पातालपाणी–कालाकुंड हा घाटाचा तुकडा रेल्वेनं 2018 मध्ये वारसा गाडीसाठी राखला. मला ते पाहून आनंद झाला आणि रागही आला. धुळघाटाचा वळसा त्याहून कमी मोलाचा नव्हता.

व्याघ्र प्रकल्पातून ब्रॉडगेज नेऊ नये हे मला पटतं. मेळघाट 1973-74 पासून वाघांसाठी राखलेला आहे, तिथं रात्रंदिवस मालगाड्या सोडणं अन्यायच होईल. प्रकल्पाबाहेरून जाणाऱ्या नव्या आखणीत सोनाळा आणि जामोद ही नावं आली, ती प्रत्यक्षात उतरली तर माझ्या तालुक्याला पहिल्यांदा रेल्वे मिळेल, आणि मी पहिल्या गाडीला कॅमेरा घेऊन उभा राहीन. पण जुना वळसा, त्याचे पूल, वान रोडची इमारत यांची नोंद करायला वाघ आडवा येत नव्हता. ते काम कुणी हाती घेतलं नाही म्हणून झालं नाही.

तेव्हा एक विनंती. अकोला, अकोट, तेल्हारा, संग्रामपूर, बुऱ्हाणपूर, खंडवा इथल्या घराघरांत लग्नाच्या, सहलीच्या, ओंकारेश्वरच्या यात्रेच्या कॅसेटी पडून आहेत. त्यांत कुठंतरी ही गाडी असणार: एखादी खिडकी, एखादा पूल, मागं धूर. बुरशी चढायच्या आत त्या काढा, संगणकावर उतरवून घ्या, आणि स्थानक, साल, इंजिनाचा क्रमांक जेवढं आठवेल तेवढं सोबत लिहून ठेवा. या गाडीवर काम केलेले ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर, गँगमन अजून आहेत. त्यांच्यासमोर फोन धरा आणि त्यांना बोलू द्या.