पाय गरम लागेपर्यंत

पेण-रोह्याकडच्या वाड्यांवर विंचू कुठे दडतो हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पेंढ्यात, कौलांखाली, सरपणात, दाराबाहेर काढलेल्या चपलेत. काळी दांडगी इंगळी पाहून छाती धडधडते, पण जिवावर उठतो तो छोटा लाल विंचू.

त्याचा दंश झाला की दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. या विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारं लवकर मिटत नाहीत. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतं. मग फुप्फुसांत पाणी भरतं आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो.

ही लक्षणं रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपली डॉ. हिंमतराव बावस्करांनी. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांतले तीस-चाळीस दगावत. आता हा आकडा एकाच्या आसपास आला.

प्रयोगशाळेतलं ज्ञान रोग्याच्या खाटेपर्यंत आणणं, याला आज 'ट्रान्सलेशनल' संशोधन म्हणतात. इथे वाट उलटी होती. खाटेजवळ उमगलेलं जगभरच्या वैद्यकात गेलं. मला हेच फार मोलाचं वाटतं, कारण प्रश्न विचारणारा माणूस रोग्याच्या शेजारीच होता.

काम तिथेच थांबलं नाही. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमध्ये ७० रोग्यांवर चाचणी घेतली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला. प्रतिविष मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवर ८.

पण घड्याळ चालू होतं दंशाच्या क्षणी. डोंगरावरच्या वाडीतून रोगी आधी मांत्रिकाकडे गेला आणि मग गाडी शोधली, तर तेवढ्या वेळात फुप्फुसं भरू लागतात. म्हणून गोळी आणि ती कधी द्यायची हे जाणणारा माणूस, दोन्ही जवळच्या आरोग्य केंद्रात हवेत. गोळी दिल्यावर रोग्याला एकदम उठवायचं नसतं, रक्तदाब कोसळतो. त्याला आडवंच ठेवून दर तीन तासांनी पुन्हा गोळी द्यायची आणि हाताने पाऊल चाचपत राहायचं, ते गरम लागेपर्यंत.