चिमणी साफ करतात म्हणजे नक्की काय करतात?

ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं अशांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' निम्मे तरी गाळलेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत चिमणी म्हटलं की पहिल्यांदा पक्षी आठवतो, मग रॉकेलची चिमणी, आणि हल्ली पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये गॅसच्या वर बसवलेला तेलकट फिल्टरवाला डबा. आज यातलं काहीच नाही. आज धुराड्याबद्दल बोलायचंय. थंड प्रदेशात हिवाळाभर लाकूड जाळून घर तापवतात, त्या घरातलं विटांचं उभं धुराडं.

मी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला राहतो. इथे, शेजारच्या व्हरमाँटला, मेनला लाकडाचा स्टोव्ह ही नुसती हौस नसते. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात या एका राज्यात ४ लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या होत्या, आणि काही घरांत दोन आठवडे वीज आली नव्हती. तेलाची भट्टी असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो. लाकडाला वीज लागत नाही. त्यामुळे इकडे जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना घराबरोबर बहुतेक वेळा एक स्टोव्ह आणि एक धुराडंही मिळतं. मग ऑक्टोबर आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो: "कुणी चिमणीवाला सुचवेल का? किती घेतो? दरवर्षी करायलाच पाहिजे का?"

या शेवटच्या प्रश्नासाठी हा भाग. माझं उत्तर असं की झाडणं दरवर्षी लागेलच असं नाही, पण आत बघणं दरवर्षी लागतं. आणि आपण पैसे मुख्यतः त्या बघण्याचे देतो.

आता धुराकडे येऊ. धूर म्हणजे न जळलेलं इंधन. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ निघते. आग पुरेशी गरम असेल आणि हवा पुरेशी मिळाली तर ती वाफही जळते. नाहीतर ती वर जाते, आणि धुराड्याची भिंत थंड असेल तर तिथे चिकटते. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली धूर उतरला की हे जोरात सुरू होतं. या थराला क्रिओसोट म्हणतात.

कोकणातल्या जुन्या घरात चुलीच्या वरचे वासे बघितलेत? काळे, चकचकीत, हात लावला तर किंचित चिकट. तो याचाच भाऊ. पण चुलीचा धूर कौलांच्या फटींतून घरभर विरून जातो. इथे सगळा धूर एकाच नळीतून जातो, आणि तिचं वरचं टोक उणे वीस अंशांत उभं असतं.

क्रिओसोटच्या तीन अवस्था मानतात. पहिली म्हणजे साध्या काजळीसारखी भुकटी, ब्रशने सहज पडते. दुसरी म्हणजे कडक, चमकदार पापुद्रे. तिसरी सगळ्यात वाईट: भिंतीवर वितळलेल्या डांबरासारखा ओतीव थर. तिच्यावर ब्रश नुसता घसरतो, मग रसायन किंवा फिरणाऱ्या साखळ्या लावाव्या लागतात. अमेरिकेत चिमणीवाल्यांना प्रमाणपत्र देणारी सीएसआयए ही संस्था सांगते की उघड्या फायरप्लेसच्या धुराड्यात थर एक अष्टमांश इंच झाला की झाडा, आणि तिसऱ्या अवस्थेचा थर दिसला तर त्याआधीच. एक अष्टमांश इंच म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर, दोन एक-रुपयाची नाणी एकावर एक ठेवल्यासारखी. इतक्याशा जाडीने चिमणीला आग लागू शकते.

चिमणीची आग दोन प्रकारची. एक गाजावाजा करून येते. रेल्वे जवळून गेल्यासारखा आवाज होतो आणि वरून ठिणग्या उडतात. अशा वेळी स्टोव्हची हवा पटकन बंद करता आली तर करायची, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि ९११ ला फोन करायचा. वरून पाणी ओतायचं नाही. दुसरी आग गुपचूप होते. हवा कमी मिळाल्यामुळे ती हळू जळते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. पण आतलं तापमान ११०० अंशांपर्यंत जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं दिसतं, फक्त आतली नळी तडकलेली असते.

ही नळी म्हणजे लायनर, आणि आजच्या भागातला खरा नायक तोच. बाहेरून दिसणारं विटांचं बांधकाम हा नुसता अंगरखा. आत बहुतेक जुन्या घरांत भाजलेल्या मातीच्या चौकोनी नळ्या एकावर एक रचलेल्या असतात. साधारण आपल्या कौलांच्याच जातीच्या. आग आणि घराच्या लाकडी सांगाड्याच्या मधे तेवढंच असतं. १९४० च्या दशकात इथल्या सरकारी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने लायनर नसलेल्या धुराड्यांच्या चाचण्या घेतल्या. उष्णता विटांतून इतक्या सहज पार होत होती की शेजारच्या लाकडाने साडेतीन तासांत पेट घेतला. भाजलेली माती स्थिर उष्णता उत्तम सोसते, अचानक आलेली सोसत नाही. गरम तव्यावर पाणी टाकलं की तवा वाचतो, पण मातीचं खापर तडकतं, तसं.

आता माझ्या घराची गोष्ट. घर १९५० च्या दशकातलं, धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून. विकत घेण्याआधी नेहमीच्या गृहतपासणीवाल्याने अहवालात लिहिलं होतं: "चिमणी, दिसायला ठीक." यात त्याची लबाडी नाही. तो टॉर्च मारून खालून बघतो, तेवढंच त्याचं काम. पण इथल्या अग्निसुरक्षा मानकात, एनएफपीए २११ मध्ये, तपासणीचे तीन स्तर आहेत. पहिला दरवर्षीचा, सहज पोचता येईल तेवढं बघायचं. दुसरा घर विकताना, स्टोव्ह बदलताना किंवा आग लागून गेल्यावर. यात नळीची आतली पूर्ण उंची बघतात, आणि त्यासाठी कॅमेरा सोडतात. तिसऱ्यात भिंत फोडावी लागते. मी दुसरा स्तर मागितला. विक्रेत्याचा एजंट जरा वैतागला, पण वरच्या मजल्यावर धुराड्याला लागून जी खोली आहे, ती आई-बाबा आले की त्यांची होणार होती. आणि ते येणार होते डिसेंबरात.

आलेल्या बाई पन्नाशीच्या, या कामात वीसेक वर्षं मुरलेल्या. अर्धा तास त्यांनी फक्त तयारीत घालवला. जमिनीवर कापडं अंथरली, स्टोव्हचं तोंड झाकलं, बारीक कण धरून ठेवणारा व्हॅक्यूम चालू केला. मग लवचीक दांड्यांना नायलॉनच्या झिपऱ्यांचं डोकं लावून, ड्रिलवर फिरवत खालून वर सारलं. मातीच्या नळ्यांना तारेचा ब्रशही चालतो, पण स्टीलच्या लायनरला तारेचा नाही, ओरखडे पडतात. झाडणं वीस मिनिटांत संपलं. त्यानंतर कॅमेरा वर गेला, आणि त्या गप्प झाल्या.

स्क्रीनवर तिसऱ्या नळीत उभी तडा दिसत होती. तिच्या खालच्या सांध्यातला मसाला गळून पडला होता आणि तिथून मागच्या विटा दिसत होत्या. वरच्या चार फुटांत तो ओतीव काळा थर. "आधीच्यांना बहुतेक कळलंही नसेल," त्या म्हणाल्या. "पण इथे एकदा आग लागून गेली आहे."

फोनवर विक्रेत्याने विचारलं, की साफ तर झालंय ना आता? झालं होतं. पण आमच्या धंद्यात कुणी लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि "चालू झाला" म्हणतो, तसलं साफ. त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड भिंतीत आणि भिंतीतून वरच्या खोलीत जाऊ शकतो. त्याला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला कळायचा प्रश्नच नाही.

शिवाय तडा नसती तरी दुसरी भानगड होतीच, आणि ती मला जास्त आवडली कारण ती आकड्यांची आहे. (मी कॉम्प्युटरवाला, थर्मोडायनॅमिक्स पहिल्या वर्षी पास होण्यापुरतं. सांभाळून घ्या.) धुराडं ओढतं कसं? आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची थंड म्हणून जड, या फरकाने. धूर जितका गरम राहील तितकी ओढ चांगली. माझ्या स्टोव्हचं तोंड ६ इंच व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. धुराड्याची आतली नळी ११ बाय ११, म्हणजे १२१. चारपटीहून जास्त. एनएफपीए म्हणतं घराच्या आतून जाणारं धुराडं तिपटीपर्यंत चालेल, बाहेरच्या भिंतीवरचं दुपटीपर्यंतच. एवढ्या रुंद, थंड बोगद्यात धूर मंदावतो, गार होतो आणि भिंतीला चिकटतो. उघड्या फायरप्लेससाठी बांधलेल्या धुराड्यात नंतर कुणीतरी स्टोव्ह बसवला की हे ठरलेलंच. अशा घरात तुम्ही दर महिन्याला झाडलंत तरी रोग तसाच राहतो.

उपाय म्हणजे आतून ६ इंची स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी, तिच्याभोवती सिरॅमिक लोकरीचं अर्धा इंची पांघरूण. लोकर थंडीसाठीच: धूर वरपर्यंत गरम राहावा म्हणून. दर मिळाला ४,८०० डॉलर. घासाघीस करून निम्मे विक्रेत्याने किमतीतून कमी केले. उरलेले आम्ही भरले, आणि बायको म्हणाली, एवढ्यात दोघांचं भारतात जाणं-येणं झालं असतं. खरं आहे.

या धंद्याचा इतिहास फार काळा आहे. ब्रिटनमध्ये लहान मुलांना धुराड्यात चढवायचे. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या सर्जनने चिमणीवाल्यांना होणारा वृषणकोशाचा कर्करोग काजळीशी जोडला. कामामुळे कर्करोग होतो हे दाखवणारी ती पहिली नोंद मानली जाते. मुलांना चढवणं खऱ्या अर्थाने थांबवणारा कायदा मात्र १८७५ मध्ये आला. त्याच वर्षी जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाच्या धुराड्यात अडकून गेला होता. मधे शंभर वर्षं. आमच्याकडे आलेल्या बाई पूर्ण मास्क का घालतात, ते यावरून कळतं.

आता ग्रुपवर येणारे बाकीचे प्रश्न भराभर.

स्वतः करता येईल का? झाडणं येईल, ब्रश दुकानात मिळतात. पण निसरड्या छपरावर चढणार असाल तर नको, आणि बघणं मात्र जाणकारालाच करू द्या. ते क्रिओसोट घालवणारे ओंडके मिळतात ना? थर थोडा ठिसूळ करतात. पडलेला कचरा वाकणात अडकून बसतो, तो काही उचलत नाहीत. ते झाडण्याला पर्याय नाहीत.

सगळ्यात स्वस्त उपाय चिमणीवाल्याच्या हातात नाही, तुमच्या लाकडाच्या ढिगात आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. आधी ते उकळायला उष्णता जाते, मग आग थंड, मग धूर. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. तो मोजायचं यंत्र दोन-तीन हजार रुपयांत येतं. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचा, बाहेरून टोचलं तर आकडा फसवतो. ओक असेल तर फोडून, वर झाकून, बाजू मोकळ्या ठेवून दोन उन्हाळे जाऊ द्या. आणि रात्रभर धुमसत राहावं म्हणून हवा पूर्ण बंद करून झोपायचं, ही इथली जुनी सवय उचलू नका. ती अख्खी रात्र क्रिओसोट तयार करण्यात जाते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, आणि डबा घराबाहेर, लाकडी डेकपासून लांब. आपल्याकडे भांडी घासायला राख लगेच हाताशी हवी असायची. इथे तिच्यात निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात.

वेळ कुठली घ्यावी? ऑक्टोबरात सगळ्यांना एकदम आठवण येते, तेव्हा महिना-महिना थांबावं लागतं. हिवाळा संपला की एप्रिलमध्ये बोलवा. त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते ऐकून आई फार हसली. इथे चिमणी स्विफ्ट नावाचा छोटा पक्षी आहे. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून वसंतात परत येतो आणि धुराड्यात आतून काड्या चिकटवून घरटं करतो. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्याचं नांदतं घरटं काढायला बंदी आहे. पिल्लं उडेपर्यंत चिमणीवालाही हात लावू शकत नाही. म्हणजे चिमणीत चिमणी बसली की उन्हाळाभर काम बंद. आमच्या नव्या लायनरवर जाळीची टोपी बसवलीय, त्यामुळे आमच्याकडे ते आता येणार नाहीत. शेजारच्या जुन्या पिठाच्या गिरणीचं धुराडं मात्र उघडं आहे, आणि संध्याकाळी बाबा खुर्ची टाकून तिकडेच बघत बसतात. डिसेंबरात आलेले, पण मे उजाडला तरी परतीचं तिकीट काढायचं नाव नाही.

तुमच्या घरच्या स्टोव्हबद्दल प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. धुराडं आतल्या भिंतीवर आहे की बाहेरच्या, आणि स्टोव्हचं तोंड किती इंची, एवढं त्यात नक्की सांगा.