आपल्या रक्तात तयार होणारा विषारी वायू

मूल खेळताना पडते आणि गुडघ्याला मुका मार लागतो. पहिल्या दिवशी तिथे काळानिळा डाग दिसतो. चार-सहा दिवसांनी तो हिरवट होतो, मग पिवळा पडतो आणि पंधरवड्यात नाहीसा होतो. हे बदलते रंग प्रत्येक आईने पाहिलेले असतात. पण त्याच जागी त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायूही तयार होत असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव घेणारा वायू तो हाच.

मग तो आपल्या शरीरात कशाला? याचे उत्तर आपल्या रक्तात आहे. रक्तातील तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. दर सेकंदाला अशा सुमारे २० लाख पेशी मोडीत निघतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. जुन्या पेशींमधील हिमोग्लोबिन शरीर वाया जाऊ देत नाही. त्यातला लोहयुक्त भाग म्हणजे ‘हीम’. एक विकर त्याचे तुकडे करते. त्यातून लोह मिळते, ते नव्या पेशींसाठी वापरले जाते. एक हिरवे द्रव्य निघते, ते पुढे पिवळे बिलिरुबिन बनते. मुक्या माराचे हिरवे-पिवळे रंग हेच. आणि तिसरी वस्तू म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू.

स्वीडनचे शास्त्रज्ञ टॉर्ग्नी शोस्ट्रांड यांनी १९४९च्या सुमारास दाखवून दिले की, हा वायू माणसाच्या शरीरातच तयार होतो. हीम तोडणाऱ्या विकराचे काम १९६८ मध्ये तेनहुनेन, मार्व्हर आणि श्मिड यांनी उलगडले.

निरोगी माणसाच्या शरीरात दिवसभरात हा वायू साधारण १० मिलिलिटर तयार होतो, म्हणजे दोन लहान चमचे मावेल इतका. तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. त्यामुळे धूम्रपान न करणाऱ्याच्या हिमोग्लोबिनचा जेमतेम एक टक्का भाग या वायूने अडलेला असतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते.

नवजात बाळाच्या बाबतीत हे गणित जरा वेगळे असते. त्याच्या तांबड्या पेशी मोठ्यांच्या पेशींपेक्षा लवकर मोडतात आणि यकृत अजून पुरते तयार नसते. म्हणून बिलिरुबिन साठते आणि अनेक बाळांना कावीळ दिसते. हीमच्या प्रत्येक रेणूमागे बिलिरुबिनचा एक आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू तयार होत असल्याने, बाळाच्या श्वासातील हा वायू मोजून पेशी किती वेगाने तुटताहेत, याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप उतरते. पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर कोवळ्या उन्हावर भरवसा ठेवून थांबू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

आणि याच बाळाच्या खोलीत आपण काय करतो? दारे-खिडक्या लावून घेतो, शेक-शेगडीसाठी निखारे ठेवतो, वर लोबान टाकतो. हेतू मायेचाच असतो. पण कोळसा अर्धवट जळला की, शरीर दिवसभरात जितका वायू तयार करते त्याच्या कितीतरी पट वायू थोड्या वेळात खोलीत साठतो. प्राणवायूच्या तुलनेत तो हिमोग्लोबिनला २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून रक्त असूनही शरीर गुदमरते. त्याला रंग नाही, वास नाही. लोबानच्या सुगंधात तर काहीच कळत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही फसतो, कारण या वायूने अडलेले हिमोग्लोबिन तो प्राणवायूने भरलेले समजतो.

म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. पावसाळ्यात सीख-कबाबची शेगडी घरात आणू नये. गॅसचा गीझर हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात बसवू नये. घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा गुंगी जाणवली, तर पित्त झाले असे समजून पडून राहू नये. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे, मग रुग्णालय गाठावे. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघून जायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हेच काम एक ते दीड तासात होते.

शरीर स्वतः तयार केलेले दोन चमचे श्वासागणिक बाहेर टाकत असते. बाहेरून आत येणाऱ्या वायूचा बंदोबस्त मात्र आपल्यालाच करावा लागतो, आणि त्यासाठी बहुतेक वेळा एक उघडी खिडकी आणि दाराबाहेर ठेवलेली शेगडी पुरेशी असते.