लिनक्सवर इंटरनेट बंद पडल्यास दोष कसा शोधावा

या पाठात आपण लिनक्स संगणकावरील इंटरनेट बंद पडल्यावर बिघाड नेमका कुठे आहे, हे पाच पायऱ्यांत शोधायला शिकू. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो आणि ब्राउझर 'साइट सापडत नाही' एवढेच सांगतो. अशा वेळी काही जण घाईने संपूर्ण प्रणाली पुन्हा इन्स्टॉल करतात. त्यात वेळ जातो, कधी फायलीही जातात; आणि दोष राउटरमध्ये असेल, तर तो तसाच राहतो. म्हणून आधी निदान, मग उपाय.

मूळ कल्पना

संगणकापासून संकेतस्थळापर्यंत चार टप्पे असतात: नेटवर्क कार्ड, संगणकाला मिळालेला आयपी पत्ता, गेटवे (म्हणजे आपला राउटर) आणि बाहेरचे जाळे. याशिवाय संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस ही सेवा लागते. तपासणी नेहमी जवळच्या टप्प्यापासून सुरू करावी. जिथे पहिल्यांदा उत्तर थांबते, तिथे किंवा त्याच्या लगेच पुढे दोष असतो.

खालील आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात.

पायरी १: कार्ड चालू आहे का?

'आयपी लिंक' ही आज्ञा द्या. यादीत 'लो' हे संगणकाचे स्वतःशी बोलण्याचे साधन असते. ते सोडून द्या. सहसा 'ईएन'ने सुरू होणारे नाव तारेच्या जोडणीचे आणि 'डब्ल्यूएल'ने सुरू होणारे वायफायचे असते. तारेच्या जोडणीपुढे 'नो-कॅरियर' दिसल्यास केबल किंवा तिचे दुसरे टोक तपासा. वायफाय बंद असेल, तर 'आरएफकिल लिस्ट' पाहा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असल्यास 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' पुरते. 'हार्ड ब्लॉक्ड' असल्यास लॅपटॉपवरील बटण किंवा कळ वापरावी लागते.

वायफायचे नावच यादीत नसेल, तर बहुधा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नाही. ते उतरवायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेट तर बंद! अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्याला सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखते.

पायरी २: पत्ता मिळाला का?

'आयपी ए' द्या. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर सहसा ठीक. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर राउटरमधील डीएचसीपी सेवेकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. जोडणी तोडून पुन्हा जोडा. वायफायचा पासवर्डही तपासा.

पायरी ३: गेटवे उत्तर देतो का?

'आयपी आर' दिल्यावर 'डीफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढे गेटवेचा पत्ता दिसतो. 'पिंग -सी ४' लिहून पुढे तो पत्ता द्या. '-सी ४' मुळे चारच संदेश जातात. ते न लिहिल्यास पिंग थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी एकत्र दाबावे लागते.

पायरी ४: बाहेर जाता येते का?

'पिंग -सी ४ ८.८.८.८' द्या. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता आहे. गेटवे उत्तर देतो पण हा देत नाही, तर त्याच वायफायवर फोन चालतो का ते पाहा. फोनही अडत असेल, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा सेवा पुरवठादाराकडे आहे. मात्र काही महाविद्यालयांत पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असते. त्यामुळे केवळ पिंग फसले म्हणून जाळे बंद आहे, असा निष्कर्ष काढू नका.

पायरी ५: नाव सापडते का?

आता अंकांऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव देऊन पिंग करा. अंकी पत्ता चालतो पण नाव चालत नाही, तर दोष डीएनएसचा. जोडणीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहून पुन्हा जोडा. उबंटूमध्ये डीएनएसचा पत्ता १२७.०.०.५३ दिसला, तर घाबरू नका. तो संगणकातीलच मध्यस्थ सेवेचा पत्ता आहे.

सगळे चालते, तरी ब्राउझर अडतो?

तीन गोष्टी पाहा. वसतिगृहाच्या वायफायचे लॉगिन पान भरायचे राहिले आहे का? ब्राउझरमध्ये जुना प्रॉक्सी शिल्लक आहे का? आणि 'डेट' आज्ञा योग्य तारीख दाखवते का? तारीख चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात.

सराव

इंटरनेट नीट चालू असताना पाचही आज्ञा देऊन उत्तरे वहीत लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी नवी उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहिली, की फरक लगेच दिसतो. मदत मागतानाही 'नेट चालत नाही' एवढेच न सांगता, कोणत्या पायरीवर उत्तर थांबले ते सांगा.