उसाची पाळी, पावसाची मुदत

तोडलेल्या उसातली साखर फार काळ टिकत नाही. कांडीतलेच इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करू लागते. ही दोन्ही रूपे गोडच, पण पॅनमध्ये त्यांचे दाणे धरत नाहीत. ती मळीबरोबर निघून जातात. कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक हे जिवाणू आत शिरतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस दाट होतो, साखर बसायला वेळ लागतो. उन्हात उसाचे वजनही घटते, म्हणजे शेतकऱ्याच्या बिलालाही कात्री लागते. म्हणून तोडल्यापासून 24 तासांत ऊस गव्हाणीत पडावा, यासाठी कारखान्याचे शेतकी खाते सगळा हंगाम धडपडत असते.

अहिल्यानगर जिल्ह्याला ही धडपड नवी नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने प्रवरानगरला उभारलेला सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, तेव्हापासून इथे दर हिवाळ्यात एक अवाढव्य सामूहिक काम पार पडते. शेतकरी लागणीची नोंद देतो. गट कार्यालयातला माणूस फडात जाऊन खातरजमा करतो. चिटबॉय तोडणीची चिठ्ठी घेऊन येतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून किंवा बीडहून आलेली टोळी मुकादमाच्या सांगण्यावरून फडाला लागते. मग ट्रॅक्टर, वजनकाटा, केन यार्ड आणि शेवटी गव्हाण. यातली बहुतेक माणसे एकमेकांना ओळखतही नाहीत, तरी एकाची दिरंगाई दुसऱ्याच्या पदरात पडते.

आज कारखान्यांपासून दूध संघांपर्यंत, शेतकरी उत्पादक कंपन्यांपासून नागापूरच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपपर्यंत कुठेही दहा-वीस माणसे एकत्र काम करत असली, की सगळ्यांचे काम एका जागी दिसावे म्हणून सॉफ्टवेअर घेण्याची चर्चा निघते. ट्रेलो घ्यावे की जिरा, चेन्नईच्या झोहोचे घ्यावे की मायक्रोसॉफ्टचे, की रेडमाइनसारखे मुक्त सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवावे? सादरीकरणात सगळीच नामी दिसतात. माझ्या मते चर्चेची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. आपले काम कुठे आणि कशासाठी थांबून राहते, हे आधी पाहिले पाहिजे. ते रांगेत थांबते, की आधीचे काम पुरे होण्यासाठी थांबते? या दोन प्रकारांचे गणित वेगळे आहे, आणि त्यांच्यासाठी लागणारी साधनेही वेगळी आहेत. दोन्हींचे उत्तम नमुने याच जिल्ह्यात सापडतात.

ऊसतोडणी हे रांगेचे काम. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने 1961 साली एक नियम सिद्ध केला: रांगेत सरासरी जितकी माणसे किंवा वस्तू असतात, ती संख्या येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. रांग बँकेतली असो की कारखान्याच्या फाटकातली, नियम बदलत नाही. समजा, एक कारखाना रोज 4,800 टन गाळतो आणि एका वाहनातून सरासरी 20 टन ऊस येतो. म्हणजे दिवसाला 240 वाहने, तासाला 10. केन यार्डात 80 वाहने उभी असतील, तर शेवटच्या वाहनाचा नंबर 8 तासांनी लागणार. मुकादमाने टोळ्या वाढवल्या, फडांवरची तोड वाढली आणि यार्डात 160 वाहने झाली, तर 16 तास. त्यात तोडणी, भरणी आणि वाहतुकीचे तास मिळवले की 24 तासांची मर्यादा ओलांडलीच. गाळप मात्र एका टनानेही वाढलेले नसते, कारण गाळपाचा वेग ठरतो मिलवर. फडावर कितीही कोयते चालवले तरी तो बदलत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. यार्ड रिकामे झाले की ‘नो केन’ होते, मिल थांबते, पुन्हा सुरू करताना वाफ आणि वेळ दोन्ही वाया जातात. म्हणजे रांग हवी, पण मोजकी. इलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 साली ‘द गोल’ या कादंबरीतून हाच विचार जगभरच्या कारखान्यांपर्यंत नेला: सगळ्यात अरुंद जागा शोधा, तिला कधी उपाशी ठेवू नका आणि बाकी सगळे तिच्या वेगाने चालवा. टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी त्यासाठी कार्डाची पद्धत रुजवली. पुढच्या टप्प्यावरून कार्ड आल्याशिवाय मागच्या टप्प्याने भाग बनवायचा नाही. आपल्याकडची तोडणीची चिठ्ठी हेच काम करते. चिठ्ठी नाही तर तोड नाही. गाळपाच्या वेगाला धरून चिठ्ठ्या निघाल्या, तर रांग आपोआप आटोक्यात राहते; वशिल्याने किंवा घाईने जास्तीच्या निघाल्या, की पूर्ण साखळी विस्कटते.

तेव्हा रांगेच्या कामासाठी सॉफ्टवेअर घेताना एकच गोष्ट बारकाईने पाहावी. ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ अशा स्तंभांतून कार्डे पुढे सरकवणारे फलक आता सगळेच देतात. पण ‘चालू’ या स्तंभात ठरावीक संख्येपेक्षा जास्त कार्डे जाऊ लागली की ते सॉफ्टवेअर आपल्याला अडवते, निदान टोकते का? आणि प्रत्येक कार्ड कोणत्या स्तंभात किती वेळ पडून होते, हे सांगते का? या दोन सोयी नसतील तर तो फलक म्हणजे भिंतीवरची शोभा. मोबाइल दुरुस्तीचे दुकान असो, तालुक्याच्या गावातली छपाई असो वा दूध संघाचा तक्रार विभाग, एकामागून एक सारखी कामे येत असतील तर हाच निकष लावावा.

तोडणीत आणखी एक पेच आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाळी कोणत्या नियमाने लावायची? आडसाली ऊस साधारण 16 ते 18 महिन्यांचा, सुरू ऊस 12 महिन्यांचा. शिवाय पूर्वहंगामी आणि खोडवा. कारखान्याला साखर उतारा चांगला असेल त्या क्रमाने ऊस हवा. शेतकऱ्याला रान लवकर मोकळे हवे. वाहतूकदाराला जवळजवळचे फड एकदम हवेत. तिन्ही मागण्या रास्त आहेत, आणि त्या एकाच वेळी पुऱ्या होऊ शकत नाहीत. संगणक हा तिढा सोडवून देत नाही. ठरलेला नियम तो बिनचूक पाळतो, इतकेच. नियम ठरवण्याचे काम संचालक मंडळाचे आणि सभासदांचे. मात्र एकदा ठरलेला नियम आणि त्यातला आपला क्रमांक ज्याला-त्याला दिसू लागला, की गट कार्यालयातल्या खेपा आणि संशय दोन्ही कमी होतात. साखर आयुक्तालयाने 2022 मध्ये ‘महा-ऊस नोंदणी’ ॲप आणले आणि उसाची नोंद शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर आली. नोंदीनंतरची पाळीही तितकीच उघड दिसली पाहिजे, हा आग्रह सभासदांनी धरावा.

आता दुसरा नमुना, पाणलोटाचा. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांनी पाणी अडवण्याचे जे काम केले ते सर्वज्ञात आहे. याच जिल्ह्यात फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने 1993 साली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्थाही उभी राहिली. या कामाचा पहिला नियम ‘माथा ते पायथा’. डोंगरावर सलग समतल चर खोदल्याशिवाय खाली नाला बांध घातला, तर पहिल्याच जोराच्या पावसात वरची माती वाहून येते आणि बांध गाळाने भरतो. इथे रांग नाही. एक काम झाल्याशिवाय दुसरे करताच येत नाही. आणि मुदत देणारा असतो पाऊस, त्याच्याकडे मुदतवाढीचा अर्ज चालत नाही.

अशा कामाचे गणित अमेरिकेत 1957 च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीने संगणकावर मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी त्याचेच भावंड शोभेल अशी पद्धत काढली. उदाहरणादाखल आकडे घेऊ. सर्वेक्षणाला 10 दिवस, शिवारातल्या शेतकऱ्यांच्या संमतीला 20, चरांना 40, नाला बांधांना 25. ही साखळी 95 दिवसांची. 7 जूनपूर्वी काम संपवायचे तर 4 मार्चला सर्वेक्षण सुरू झालेच पाहिजे. रोपांसाठी खड्डे घेण्याचे 15 दिवसांचे काम मात्र संमती मिळाल्यावर केव्हाही करता येते. त्याला 50 दिवसांची सवड आहे. खड्डे आठवडाभर रेंगाळले तर कुणी डोके धरून बसू नये. संमतीपत्रे आठवडाभर रेंगाळली तर अख्खा प्रकल्प आठवडाभर मागे गेला. म्हणजे गावातल्या दोन भावकीत बांधावरून वाद असेल, तर तो मिटवायला सरपंचाने जेसीबी ठरवण्याआधी बसले पाहिजे. 2018 च्या जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत गावांना 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवसच होते. माथ्यापासून सुरुवात करायची, तर अशी तयारी पहिल्या दिवसाच्या आत व्हावी लागते.

क्रमाच्या कामाला कार्डांचा फलक पुरत नाही. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे नोंदवण्याची सोय लागते, आणि एक तारीख सरकवली की पुढच्या सगळ्या तारखा आपोआप सरकून अडलेली साखळी लाल दिसावी लागते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, ओपनप्रोजेक्ट यांची ताकद यात आहे. बांधकाम, शाळेची नवी इमारत, कारखान्यातली ऑफ-सीझनची दुरुस्ती ही याच जातीची कामे.

‘आमचे सगळे व्हॉट्सॲपवर चालते’ असे म्हणणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पाच माणसांत ते चालतेच. पण पाच जणांत जोड्या होतात 10, आणि पंधरा जणांत 105. सॉफ्टवेअर अभियंता फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 सालच्या पुस्तकात याच हिशेबावरून बजावले होते, की उशीर झालेल्या कामावर नवी माणसे लावली तर त्याला आणखी उशीर होतो. ग्रुपवर निरोप खाली वाहून जातो. आत्ता कोणते काम कुणाकडे आहे, याचे उत्तर तिथे एका ठिकाणी सापडत नाही. माणसे वाढली की एकमेकांना विचारण्याऐवजी सगळ्यांनी एकाच नोंदीकडे पाहावे लागते.

निवड करताना आपल्या भागातल्या काही गोष्टी आड येतात, त्या सादरीकरणात दिसत नाहीत. अकोले तालुक्यातल्या डोंगरात रेंज गेली तर नोंद मोबाइलमध्ये साठून नंतर चढते का? मराठीत लिहिलेले नाव मराठीतच शोधता येते का, की ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ दोन माणसे होतात? दरमहा माणशी भाडे असेल, तर हंगामापुरत्या घेतलेल्या चिटबॉयचे पैसे बाराही महिने भरावे लागतात का? मुक्त सॉफ्टवेअर फुकट असते, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडायचे ठरले तर आपली सगळी नोंद साध्या तक्त्यात बाहेर काढता येते का? सभासदांच्या जमिनीची आणि उसाची माहिती सहकारी संस्थेची आहे. ती विक्रेत्याच्या हाती अडकून पडता कामा नये.

चाचणी घ्यायची तर कार्यालयातल्या वातानुकूलित खोलीत घेऊ नये. एकच गट निवडावा आणि ऐन हंगामात, जानेवारीच्या गर्दीत, पंधरा दिवस त्यावरच काम करावे. नोंद करणाऱ्या माणसाला स्वतःला तिचा उपयोग झाला पाहिजे: चिटबॉयला उद्याचे फड आदल्या संध्याकाळी कळावेत, ट्रॅक्टरवाल्याला यार्डातली रांग निघण्यापूर्वी दिसावी. तसे होत नसेल तर तो साहेबांसाठी मोबाइलवर एक आकडा टाकेल आणि खिशातल्या वहीत दुसरा. पंधरा दिवसांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात, आणि मगच वर्षभराच्या करारावर सही करावी.