ऑक्सिजन ९८, तरी पेशंट सिरीयस कसा?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटसारख्या गावात ‘सेप्सिस’ हा शब्द बहुतेक घरांना पहिल्यांदा ऐकू येतो तो सोलापूरच्या आयसीयूच्या दाराशी. सुरुवात मात्र घरीच झालेली असते. सोयाबीन काढताना पायात घुसलेलं खुंट, म्हातारीची लघवीची जळजळ, साखरेच्या पेशंटची न भरणारी जखम.

‘रक्तात विष पसरलं’ असं आपल्याकडे म्हणतात. खरं नुकसान जंतूंइतकंच, कधी त्यांच्याहून जास्त, आपली स्वतःची प्रतिकारयंत्रणा करते. जंतूंवर तुटून पडताना तिचा तोल जातो आणि आपलेच अवयव निकामी व्हायला लागतात. २०१६ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी ठरवलेली सेप्सिसची व्याख्या हीच आहे. म्हणूनच रक्ताच्या कल्चरमध्ये एकही जंतू सापडला नाही, तरी सेप्सिस असू शकतो.

सगळ्यात घातक गैरसमज कोरोनानंतर घराघरात आलेल्या त्या बोटाच्या मशीनभोवती आहे. ‘ऑक्सिजन ९८ दाखवतंय, मग काळजी कसली?’ हे मशीन धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतं. तो किडनीच्या, मेंदूच्या पेशीपर्यंत पोहोचला की नाही, हे त्याला कळत नाही. ती पोहोच केशवाहिन्यांच्या हाती असते. त्यांची रुंदी पाच ते दहा मायक्रोमीटर आणि तांबड्या पेशीची सात-आठ, म्हणजे पेशीला अनेकदा अंग मुडपून, एकेरी रांगेतच पुढे सरकावं लागतं.

सेप्सिसमध्ये या वाहिन्यांच्या आतला नाजूक लेप झडतो. भिंती पाझरतात, भोवतालचा भाग सुजतो आणि ऑक्सिजनला पेशीपर्यंतचं अंतर वाढतं. पांढऱ्या पेशी भिंतींना चिकटतात, बारीक गुठळ्या होतात, तांबड्या पेशी ताठर होऊन अडकतात. ठिबकवर शेती करणाऱ्याला हे लगेच कळेल: मोटर चालू, मेन लाईनला प्रेशर बरोबर, पण निम्मे ड्रिपर चोंदलेले. एक झाड भिजतं आणि हातभर अंतरावरचं वाळतं. ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी सेप्सिसच्या रुग्णांच्या जिभेखाली छोटा कॅमेरा धरून हे प्रत्यक्ष पाहिलं आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. काही वाहिन्यांत रक्त वाहत होतं, शेजारच्या बंद पडल्या होत्या. अशा वेळी न वापरलेला ऑक्सिजन तसाच हृदयाकडे परततो. त्यात पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही बिघडते, मग मिळालेला ऑक्सिजनसुद्धा नीट वापरला जात नाही. नुसता ऑक्सिजनचा मास्क लावून भागत नाही ते यामुळे.

आणखी एक. हात गार पडले की ते मशीन कधी कधी आकडाच दाखवत नाही. सेल संपला म्हणून ते बाजूला ठेवण्याआधी पेशंटचे हात चाचपून बघा.

‘बीपी तर चांगलं आहे’ हाही असाच फसवा दिलासा. बीपी टिकवण्यासाठी शरीर कातडीचा रक्तपुरवठा आधी कापतं. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलतो, आणि बीपीचा आकडा अजून ठीक असतो. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडा. रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ते वाईट लक्षण. (थंडीत गारठलेल्या बोटावर ही परीक्षा फसू शकते.) २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या ४२४ रुग्णांच्या अभ्यासात याच चाचणीच्या आधारे केलेले उपचार रक्तातलं लॅक्टेट नावाचं रसायन मोजून केलेल्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत.

ताप हवाच, असंही नाही. म्हाताऱ्या माणसाचं आणि तान्ह्या बाळाचं अंग उलट गार पडू शकतं.

‘दोन सलाईन चढवा, उठून बसेल.’ सलाईन लागतं, पण वाहिन्या पाझरत असल्यामुळे जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं. वेळेवर दिलेलं योग्य अँटिबायोटिक आणि पू असेल तर तो काढून टाकणं, याला पर्याय नाही.

लक्षणं फक्त डॉक्टरलाच कळतात, हा समज गडचिरोलीने केव्हाच खोटा ठरवला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं दूध ओढणं मंदावलं का, रडणं क्षीण झालं का, अंग गार किंवा गरम आहे का. त्यांनी घरीच इंजेक्शनसह उपचार सुरू केल्यावर नवजात बाळांमधलं सेप्सिसचं मृत्युप्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. ‘लॅन्सेट’मध्ये हे १९९९ साली छापून आलं.

मोठ्या माणसाला मात्र रुग्णालयच लागतं. जखम किंवा ताप असलेला माणूस बरळू लागला, धापा टाकू लागला, हातपाय गार पडले किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना शेवटची लघवी कधी झाली आणि बोलणं कधीपासून बदललं, हे विचारण्याआधीच सांगा.